पर्थ ते लंडन: थेट विमानासाठी जादा पैसे मोजावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाचीच्या लग्नासाठी तुम्ही, पत्नी आणि ७१ वर्षांच्या आई पर्थहून लंडनला निघालात. सिंगापूरमार्गे, एकाच बुकिंगवरचं येण्याजाण्याचं भाडं १०० धरलं, तर थेट विमानाचं १३० होतं. दोन कंपन्यांची सुटी तिकिटं काढली तर ८२. थेट विमान घ्यायचं तर वरची रक्कम आणीबाणीसाठी ठेवलेल्या पैशांतून काढावी लागेल. काढावी का?

नका काढू. पण ८२ वालंही घेऊ नका.

आधी अंतर बघा. पर्थ ते लंडन थेट साधारण १४,५०० किलोमीटर. सिंगापूरमार्गे ३,९०० आणि १०,९०० मिळून १४,८००. वळसा जेमतेम ३०० किलोमीटरचा, म्हणजे विमानाला वीस-पंचवीस मिनिटांचा. वेळ खातं ते दोनदा चढणं-उतरणं आणि मधलं थांबणं. थेट विमान जाताना साडेसतरा तासांच्या आसपास घेतं. तीन तासांचा थांबा धरला तर सिंगापूरमार्गे बावीस-साडेबावीस होतात. परतताना वारा बराचसा पाठीशी असतो, त्यामुळे दोन्ही मार्गांनी थोडा वेळ कमी लागतो. थेट विमान महाग असण्यामागे इंधनाचंही कारण आहे: इतक्या लांब न थांबता जायचं तर इंधनाचं ओझं वाहायलाच आणखी इंधन जळतं.

म्हणजे ३० जादा देऊन जाता-येता मिळून माणशी दहाएक तास वाचतात, तासाला ३. ही रक्कम तुम्ही पगाराच्या ताशी दराशी ताडून पाहिलीत, ते मला पटलं नाही. तुम्ही भरपगारी रजेवर असाल, त्या तासांत कमाई होणारच नव्हती. रजेचा एक दिवस वाचला असता तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या तारखांत तो वाचत नाही. तिघांचा फरक मात्र ९० होतो, जवळजवळ एक अख्खं तिकीट. घरात वयस्कर माणूस असताना तेवढी गंगाजळी हलकी करणं मला धोक्याचं वाटतं.

आईंच्या गुडघ्यांची काळजी तुम्ही थेट विमानाच्या बाजूने मांडलीत. मी ती उलट धरतो. साडेसतरा तास एका खुर्चीत बसण्यापेक्षा मध्ये उठून चालायला मिळालेलं बरं. तरी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा, आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

सुट्या तिकिटांत तिघांचे ५४ वाचताना दिसतात. पण सिंगापूरला सामान घेऊन, प्रवेशाचे सोपस्कार करून पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान उशिरा आलं आणि काउंटर बंद झालेला असला, तर दुसरी कंपनी तुम्हाला गैरहजर धरते. बहुतेक वेळा परतीचं तिकीटही त्याबरोबर रद्द होतं. ऐनवेळी तीन नवी तिकिटं काढायची तर ते ५४ कुठल्या कुठे जातील. एकाच बुकिंगवर जोडविमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असते.

थांबा तीन-चार तासांचा निवडा आणि लग्नाच्या निदान दोन दिवस आधी पोहोचा. पर्थला सामान दिल्यावर काउंटर सोडण्याआधी प्रत्येक बॅगेच्या पट्टीवरची मोठी अक्षरं वाचा. तिथे शेवटचं ठिकाण म्हणून लंडन हीथ्रोचं ‘एलएचआर’ हवं. सिंगापूरचं ‘एसआयएन’ दिसलं, तर तिथेच थांबून पट्टी बदलून घ्या.