परभणीत राहतो. माझ्या पल्सर एनएस २०० बाइकचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घरीच बदलता येईल का? फ्लशिंगला, म्हणजे आतून धुवायला, बोअरचं पाणी चालेल का?

बदलता येईल. बोअरचं पाणी मात्र चालणार नाही, शेवटच्या फेरीलाच नव्हे तर पहिल्या फेरीलाही नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी तीन वर्षांची आहे, कूलंट अजून शोरूममधून आलं तेच आहे आणि दुपारी गावात फिरताना फॅन सारखा चालू राहतो. परभणीच्या मे महिन्यात फॅन चालू राहणं यात नवल काही नाही, तेवढ्यावरून घाबरू नका. पण तीन वर्षं म्हणजे बदलायची वेळ झालीच आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल (पाण्यात मिसळलेला मुख्य द्रव) कुठे जात नाही, संपतात ती त्यात मिसळलेली गंजरोधक रसायनं. ती संपली की तेच कूलंट हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रेडिएटरच्या ॲल्युमिनियमला खायला लागतं. रंग अजून छान हिरवा दिसतोय यावर जाऊ नका. रंग म्हणजे नुसता घातलेला रंग असतो.

आता पाण्याचं. मी लातूरचा, त्यामुळे आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याची मला पुरती ओळख आहे. गिझरची कॉइल कधी बाहेर काढून बघितली असेल तर तिच्यावर बसलेला पांढरा दगडी थर आठवा. रेडिएटरच्या नळ्या आतून अगदी चिंचोळ्या असतात, तिथे असा थर बसला की उष्णता बाहेर पडायची वाटच बुजते. जारचं पाणी गोड लागतं म्हणून ते चालेल असंही नाही, त्यातही क्षार उरलेले असतात. ऑटो पार्ट्सच्या दुकानात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्याचा ५ लिटरचा कॅन आणा. घेताना लेबल नीट वाचा, कारण शेजारच्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.

कूलंट ॲल्युमिनियम इंजिनसाठीचं घ्या आणि जमलं तर तयार मिसळलेलं घ्या. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, मिळालं तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करा. 'आपल्याकडे ऊन जास्त, मग घट्टच ओतू' हा हिशेब उलटा पडतो, कारण उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास असतो आणि झाकणाच्या दाबामुळे तो आणखी वर जातो. तेवढं आपल्या उन्हाळ्याला पुरेसं आहे.

काम सकाळी करा, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं दाबाखालचं कूलंट थेट तोंडावर उडतं, यात कसलीही सूट नाही. खाली घमेलं ठेवा आणि वॉटर पंपाच्या झाकणावरचा ड्रेन बोल्ट शोधा. तिथे सारखे दिसणारे बोल्ट बरेच असतात. ज्याच्याखाली तांब्याचा वायसर आहे तो बहुतेक ड्रेनचा, तरी मॅन्युअलमधलं चित्र बघूनच पाना लावा. बोल्ट सैल करून वरचं झाकण उघडलं की धार जोरात येते. धार संपली की गाडी दोन्ही बाजूंना कलती करा, आत राहिलेलं बरंच निघतं. ओव्हरफ्लो टाकी लोक विसरतात. तीही काढून रिकामी करा, तळाशी गाळ असतो.

मग बोल्ट लावून डिस्टिल्ड पाणी भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहायचं. ॲसिड, सोडा असलं काही आत घालू नका, ॲल्युमिनियम त्यानं जातं. शेवटी बोल्टला नवा वायसर लावा आणि बेताने आवळा. पंपाचं झाकणही ॲल्युमिनियमचंच आहे, आटे गेले तर वायसरचे वाचवलेले पैसे पार महागात पडतील.

खरी मेख भरण्यात आहे. भसकन ओतलं तर आत हवा अडकते, आणि हवेचा फुगा असलेलं इंजिन नवं कूलंट असूनही तापतं. बारीक धारेनं भरा, मधून मधून रबरी पाइप हातानं दाबत राहा, बुडबुडे वर येताना दिसतील. पुढचं चाक थोडं उंचावर ठेवलं तर हवा झाकणाकडे यायला सोपं जातं. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन थोडा वेळ चालवा. पातळी खाली गेली की वरून भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. ओव्हरफ्लो टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मधोमध ठेवा. आता इंजिन फॅन लागेपर्यंत चालू द्या. एक पाइप चटका देण्याइतका गरम आणि दुसरा थंडच असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडलेला नाही किंवा हवा अजून आत आहे. हात लावताना फॅनपासून बोटं लांब ठेवा.

जुनं कूलंट गटारीत किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्रं-शेळी चाटायला येते आणि थोडंसं पोटात गेलं तरी मरू शकते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर भरूच नका, घरातल्या पोराला ते सरबत वाटेल. वेगळ्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना टाकीची पातळी बघा. थोडी उतरली असेल तर ते साहजिक आहे, तेवढं भरा. पण दर काही दिवसांनी उतरतच राहिली तर वॉटर पंपाच्या खालचं बारीक छिद्र तपासा. तिथून थेंब गळत असतील तर पंपाचं सील गेलंय. आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात कूलंट मिसळलेलं वाटलं, तर गाडी चालूसुद्धा करू नका, ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्या.