स्टायपा म्हणजे नक्की कुठलं गवत? आपल्या कुसळीपैकीच का?

नाही, कुळ एकच (पोएसी, म्हणजे गहू-ज्वारीचं) पण कुसळी ज्वारीच्या बाजूची आणि स्टायपा गव्हाच्या बाजूचं, पूएडी उपकुळातलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये नाव दिलं. युक्रेन, कझाकस्तान, मंगोलियाच्या थंड कोरड्या माळांवर हे झुपक्यांनी वाढतं, पानं बारीक, सुतळीसारखी वळलेली.

ओळखायचं कणसावरून. प्रत्येक कणिशकात (कणसाच्या छोट्या घटकात) फुल एकच, आणि त्याला हे लांबलचक कुसळ, स्टायपा पेन्नाटा या जातीत तर 30 सेंमीच्या पुढेही जातं आणि वरच्या भागावर पिसासारखे पांढरे मऊ केस. खालचा भाग पीळ घातलेला असतो, दमट हवेत पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो, असं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं, आणि टोकाशी उलटे केस असल्यामुळे मागे येत नाही! कुसळीचं कुसळ मोज्यात घुसतं ना, युक्ती तीच, फक्त दोघांनी ती वेगवेगळी कमावलीय, मला हेच सगळ्यात भारी वाटतं.

वर्गीकरण मात्र खूप बदललंय. पूर्वी अमेरिकेतली गवतंही यातच टाकायचे, आता ती नासेला, हेस्पेरोस्टायपा वगैरे वेगळ्या गटांत गेली. नर्सरीत स्टायपा टेन्युइसिमा म्हणून मिळतं ते खरं तर नासेला.