रेस्क्यूला जायचंय, मग संस्था कशाला?

प्रश्न : दादा, दर वीकेंडला सह्याद्रीत असतो, रोपचं कामही येतं. डोंगरात अडकलेल्यांच्या रेस्क्यूसाठी गिर्यारोहण संस्थेत नाव घालायलाच पाहिजे का? मीटिंगांचा कंटाळा येतो.

उत्तर : मीटिंगांचा कंटाळा मलाही येतो रे! पण बघ, जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वरपर्यंत गाडीच जात नव्हती, अंधार, पाऊस, निसरडी पायवाट, अशात कोणी हौसेने एकटाच गेला की अजून एकाला शोधायची वेळ. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कॉल आला की ते जवळच्या टीमला कळवतात, तू टीममध्येच नाहीस तर तुला कळणार कसं? आणि स्ट्रेचर कड्यावरून उतरवायची प्रॅक्टिस एकट्याने होत नाही. आधी जवळच्या ग्रुपचे दोनचार सराव बघून ये, इन्शुरन्सचं विचार, मग ठरव.