चाकूच्या आधी ऋणपुस्तिका

अगं पोरी,

तुझ्या पटकथेचं बाड वाचलं. सोबतचं पत्रही वाचलं, आणि खरं सांगायचं तर पत्रानंच जास्त अस्वस्थ केलं. मुंबईतल्या कुणी तुला सांगितलं, पहिल्या पाच मिनिटांत एक तरी मुडदा पडला पाहिजे. नाटकातले मित्र म्हणाले, आयांचं दुःख वाढव. काका म्हणाले, मुलीनं असलं काही लिहू नये. आणि तू सगळ्यांचं मन राखायला तीन वेगवेगळे पहिले प्रवेश लिहून मला विचारतेस, यातला कुठला ठेवू?

एकही ठेवू नकोस.

तुझे तिघे आपल्या इंदूरच्या नंदानगरमधल्या एका गल्लीत वाढतात, एका डब्यातलं खातात, ते तू फार जीव लावून लिहिलंयस. ती पानं वाचताना मी दोनदा थांबलो. पण पुढचं पान उलटावं तर त्यांच्या हातात चाकू! मधे काय घडलं? तू एका पात्राच्या तोंडी घालतेस, 'वाईट संगत लागली.' कुणाची संगत? ते तिघेच तर एकमेकांची संगत आहेत. मला एवढंच सांग की पहिला उपकार कुणी केला. कुणाची अडचण होती, धावून कोण गेलं, आणि फेडायचं कसं हा विषय न काढता गप्प कोण बसलं? हे सापडेपर्यंत चाकू म्यानात ठेव.

एक प्रसंग सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पटकथेतला न्यायाधीश सारखा हातोडा आपटतो. आपल्याकडच्या कोर्टात हातोडा नसतो. एमजी रोडच्या जिल्हा कोर्टात मी उभा जन्म काढला, तिथे काय असतं ते सांगतो. एकोणीस वर्षांचा मुलगा चाकूसकट धरला गेलाय. आर्म्स ॲक्ट, कलम २५. दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर आणला, जामीन मंजूर झाला. पण जामीन मंजूर होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. जमानतदार लागतो, आणि जमानतदाराला आपली ऐपत दाखवावी लागते. आपल्या मध्य प्रदेशात बहुतेक वेळा त्यासाठी शेतजमिनीची ऋणपुस्तिका, म्हणजे जमिनीची आणि तिच्यावरच्या कर्जाची नोंद असलेली सरकारी वही, पुढे करतात. मिल बंद पडून घरी बसलेल्या बापाकडे कुठली आलीय शेतजमीन? आई बाहेर बाकावर बसलीय, मांडीवर पिशवी, पिशवीत मुलाचा धुतलेला शर्ट आणि पोळीभाजीचा डबा. कोर्ट उठायची वेळ झाली. जमानतदार आला नाही तर मुलगा रात्री जेलमध्ये. इतक्यात सांवेरकडचा एक अनोळखी शेतकरी येतो. प्लास्टिकच्या पिशवीतून ऋणपुस्तिका काढतो. तिच्यावर जामिनाची नोंद होते, कागदावर त्याचा अंगठा उमटतो, आणि रात्री मुलगा आईच्या हातचं जेवतो.

त्या शेतकऱ्याला मोहल्ल्यातल्या 'भैयाजीं'नी पाठवलेलं असतं. भैयाजी काही मागत नाहीत. बरेच दिवस काहीच मागत नाहीत. मग एका संध्याकाळी निरोप येतो, अमक्या दुकानासमोर जायचंय, काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचंय.

आता मला सांग, भैयाजींच्या दारात मदत मागायला कोण गेलं होतं? त्याचा लहानपणचा दोस्तच ना! प्रेमानं गेला. मित्राची आई बाकावर रडताना पाहवली नाही म्हणून गेला. आपला शब्द टाकून आला. म्हणजे आता एकाच्या सुटकेचं देणं दोघांच्या डोक्यावर. तुझ्या गोष्टीचा सगळा जीव इथे आहे गं, आणि तू तो गोळीबारात शोधतेयस. हाव, सूड, सत्ता हे सगळं मागाहून येतं. आधी येतो उपकार. पुन्हा सांगतो, आधी उपकार.

नुसतं उभं राहणारा कायद्याच्या तावडीतून सुटत नाही, हेही तुला माहीत हवं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३४, समान इरादा. दुकानदाराकडून दारूला पैसे उकळले, म्हणजे अडीबाजी केली, त्यात चाकू चालला, आणि इरादा एकच होता असं ठरलं, तर मोटरसायकल चालू ठेवून थांबलेल्यावरही तोच गुन्हा. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मध्ये आलं. तुझी गोष्ट २००९ मधली, आणि तुझा वकील न्याय संहितेचा दाखला देतो. असली चूक माझ्या नजरेतून सुटेल असं वाटलं होतं का तुला? दुरुस्त कर. नशेचा मालही तू थेट परदेशातून आणतेस. अगं, मंदसौर, नीमच, रतलाम इथे केंद्राच्या परवान्यानं अफू पिकते, आणि तो पट्टा आपल्यापासून काही तासांवर आहे. तेवढ्या रस्त्यावर माल किती माणसांच्या हातांतून जातो, याचा विचार कर.

मी हे इतकं ताणून का धरतो, तेही ऐक. आपली हुकुमचंद कापड मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, त्यानंतर मी एक तीन अंकी नाटक लिहिलं होतं. परदेशीपुऱ्यातली तीन मुलं. त्यातला धाकटा मी एका खऱ्या मुलावरून घेतला होता, त्याचं वकीलपत्र माझ्याकडे होतं. नाटक करू म्हणणाऱ्यांनी अट घातली की मध्यंतराआधी एक खून हवा, नाहीतर लोक चहाला गेले की परत येणार नाहीत. मी नाही म्हणालो. पुन्हा विचारणा झाली, पुन्हा नाही म्हणालो. नाटक झालं नाही. रवींद्र नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना आजही आत काहीतरी तुटतं. तो मुलगा पुढे फार जगला नाही. त्याला ते बघायला मिळालं नाही, ही खंत माझ्याबरोबरच जाईल.

पण खून घातला नाही ते योग्यच केलं. का, ते सांगतो. त्या मुलानं कुणाचा खून केलेला नव्हता. त्यानं बहिणीच्या लग्नासाठी एकाकडून पैसे घेतले होते, आणि ते व्याज फेडण्यात त्याचं सगळं तारुण्य गेलं. नऊ हजार हातात द्यायचे, दहा हजार लिहायचे, आणि रोज शंभर रुपये वसूल करायचे, असला तो धंदा. एखादा दिवस चुकला की दंड, आणि दंडाऐवजी 'एक काम कर'. हे सोडून मी खून दाखवला असता तर प्रेक्षक समाधानानं घरी गेले असते. म्हणाले असते, गुंड होता, गुंडासारखा मेला. मला ते नको होतं. आजही नको आहे. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत.

मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचे सुमारे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाले. तीस वर्षं उलटून गेली होती. किती बाप तोवर गेले होते! मधली तीस वर्षं ती घरं कुणाच्या आधारावर चालली, फी कुणी भरली, दवाखान्याचं बिल कुणी दिलं? 'बेरोजगारीनं पोरं बिघडली' असं एक वाक्य टाकून तू यातून मोकळी होऊ नकोस. फी भरणारा माणूस पडद्यावर आण. त्याला चांगला दाखव, कारण त्या दिवशी तो खरोखरच चांगला असतो.

तुझ्या शेवटाबद्दल. राजवाड्याच्या गच्च्यांवरून पाठलाग, सहा मुडदे, पाऊस. काढून टाक. तिघांपैकी एकाला माफीचा साक्षीदार कर. तुझ्या गोष्टीच्या काळातल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६: सगळं खरंखरं सांगशील तर तुला माफी. आणि त्यातली एक तरतूद कुणी दाखवत नाही, ती तू दाखव. तो आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्यालाही कोठडीतच राहावं लागतं. ज्यानं कधी मित्रासाठी भैयाजींपुढे शब्द टाकला, तोच आता त्या मित्राविरुद्ध साक्ष देणार, आणि तोवर आतच बसणार. मग कोर्टात दोघं समोरासमोर येतील. तिथे कुणाला धावायला लावू नकोस.

तिसऱ्याला जिलाबदर, म्हणजे तडीपार कर. मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियम, १९९०. जास्तीत जास्त एक वर्ष इंदूरबाहेर, आणि आदेशात लिहिलं असेल तर उज्जैन, देवास, धार, खरगोनमध्येही पाऊल टाकायचं नाही. असा मुलगा अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला चोरून परत येतो. बाप त्याच मिलच्या झाँकीबरोबर चालायचा. त्या रात्री त्याला घरात कोण घेतं? ज्यानं घेतलं त्याचा आणखी एक उपकार झाला, आणि टीआयच्या, म्हणजे ठाण्याच्या इन्स्पेक्टरच्या, कानावर गेलं तर दोघंही अडकले. बघ, मी पुन्हा तिथेच आलो. येणारच.

काकांना वाईट वाटू देऊ नकोस, पण ऐकूही नकोस. कट्ट्यावर बसली नाहीस म्हणून तुला हे जग कळणार नाही, असं त्यांना वाटतं. घरात अचानक पैसे आले तर ते कुठून आले, हे सगळ्यात आधी घरातल्या बायकांना कळतं आणि सगळ्यात शेवटी त्या बोलतात. तुझ्या गल्लीतल्या आत्या-मावश्यांकडे जाऊन बस. चौकशी केल्यासारखी करू नकोस, भाजी निवडायला बस. कुणी कुणाला काय दिलं होतं, एवढंच काढून घे.

गोष्ट मुंबईला न्यायची का? नाही. बोली? घरात मराठी, गल्लीत 'भिया'वाली आपली इंदुरी हिंदी, आणि तिघेच असले की दोन्हींची सरमिसळ. निर्माता कुरकुरला तर कुरकुरू दे.

पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला कोर्टात ये. मला अजून तिथे लोक ओळखतात. जामिनाचे कागद भरायची घाई असते तेव्हा बाहेरच्या बाकांवर बसू. वही आण, फोन बाहेर काढू नकोस.

तुझा,
वकीलकाका