क्लॅरिनेटला कोणता माउथपीस लावला म्हणजे आवाज गोड येईल?

तुम्ही लिहिलंय: शिकायला लागून सहा महिने झाले, वाद्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या माउथपीसवर आवाज चिरका येतो, आणि बँडमास्तर म्हणतात व्हँडोरेन कंपनीचा बी ४५ माउथपीस घे, त्यावर तीन नंबरची रीड (म्हणजे कंप पावणारी वेताची पट्टी; नंबर जितका मोठा तितकी ती कडक) लाव.

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

'टोक मोठं उघडं, तर आवाज मोठा' हे नाशिकच्या बँडमध्ये मी वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि प्रत्येक वेळी भांडलोय. बी ४५ चं टोक १.१९५ मिमी उघडं असतं, म्हणजे रीडच्या आणि माउथपीसच्या टोकांत तेवढी फट असते; यामाहाच्या ४सी माउथपीसचं १.०५. फरक केसाएवढा, पण रीडला प्रत्येक कंपनात तेवढं जास्त वाकावं लागतं. त्यावर कडक रीड चढवली की नव्या माणसाचा ओठ दहा मिनिटांत दमतो. दमला की तो दात दाबतो. मग रीड मिटते, सूर चढतो, आवाज बारीक आणि चिरका होतो. म्हणजे तुमची आजची तक्रारच आणखी वाढणार.

मागच्या मार्गशीर्षात पंचवटीतल्या एका बँडमधल्या पोराचं क्लॅरिनेट माझ्याकडे तपासायला आलं. वरच्या सप्तकात गेलं की किंचाळायचं, आणि वरात निम्म्यावर येईतो ओठ बधिर. त्याच्या मास्तरांनी रीड तीनदा बदलायला लावली, शेवटी 'फुंकीत जोर नाही' म्हणून साडेतीनची दिली. रीडला हात लावायच्या आधी मी माउथपीस सपाट काचेवर पालथा ठेवला आणि ०.०४ मिमीची फीलर गेजची (बारीक फटी मोजायच्या साधनाची) पात अलगद आत सरकवली. डावीकडे ती १९ मिमीपर्यंत गेली, उजवीकडे १६ वरच अडली. दोन्ही कडांत तीन मिमीचा फरक! अशा माउथपीसवर रीड एका बाजूने आधी टेकते, दुसरीकडे फट राहते, रीड आडवी पिळली जाते आणि किंचाळी फुटते. साडेतीनची रीड त्याला काय करणार? काचेवर १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून उजवी कड घासली: चार हात मारायचे, पुसायचं, पुन्हा पात घालून बघायचं. घाई केली तर टोक नको तितकं उघडतं, आणि ते परत मिटवायला रीड बसते ती सपाट बाजू घासावी लागते. दोन्हीकडे १९ आल्यावर अडीचची रीड लावली. किंचाळी गेली, आणि मांडवात आवाज आधीपेक्षा लांब पोचला. पोराचा जोर आधीही पुरेसाच होता.

म्हणून तुमचा आहे तो माउथपीस आधी तपासा. टोकाच्या कडेवरून नख फिरवा. टवका लागला तर तो टाकूनच द्या. रीड लावून खालचं भोक तळहातावर दाबा, हवा ओढा आणि तोंड काढा. एक-दोन सेकंद रीड चिकटून राहून 'टप्' करून सुटली तर ठीक, लगेच सुटली तर कुठेतरी फट आहे. मग माउथपीस आणि बॅरल (त्याच्या खालचा आखूड तुकडा) एवढंच फुंकून बघा, साधारण पेटीवरची काळी तीन लागली पाहिजे. वर जात असेल तर तुम्ही चावताय, खाली राहत असेल तर ओठ ढिले आहेत. हे सुधारल्याशिवाय नवीन माउथपीसचे पैसे फुकट जातील.

विकतच घ्यायचा असेल तर ४सी आणि दोन किंवा अडीचची रीड. वर्षभराने व्हँडोरेनचा ५आरव्ही लायर (टोक १.०९५ मिमी उघडं) किंवा एम ३० (१.१५). आवाजाचा पोत ठरतो तो रीडच्या टोकासमोरच्या उताराने, म्हणजे बॅफलने, आणि आतल्या पोकळीने. बॅफल उंच असेल तर आवाज टोकदार, ढोलताशातूनही ऐकू येणारा. खोलगट असेल तर दाट, गोल, पण उघड्यावर हरवणारा. माउथपीस एबोनाइटचा (कडक रबराचा) की काचेचा यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझ्या मते घडण चुकलेली असेल तर दोन्ही सारखेच वाईट.

'१३ मालिका' असं लिहिलेले माउथपीस मुळात जरा खालच्या सुरात लागतात, म्हणून ४४० हर्ट्झला लावलेल्या कीबोर्डसोबत खोलीत छान जुळतात. पण डिसेंबरात इथे पहाटे काकड्याला वाजवायचं असेल तर जपून, थंडीत सूर आधीच उतरतो आणि बॅरल पूर्ण आत असेल तर वर न्यायला जागाच उरत नाही. अशा वेळी ६४ मिमीचा आखूड बॅरल लागतो.

मास्तरांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. भजनात, भावगीतात मींड काढायची असेल तर उघडं टोक खरंच हात देतं, सूर ओठाने खाली ओढता येतो. पण मऊ रीडवर, आणि ओठ तयार झाल्यावर. तीन नंबरवर नाही.

आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: वाद्याचे पॅड (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या) गळत असतील तर यातलं काहीच लागू नाही. वरचा तुकडा सुटा करा, सगळी भोकं बोटांनी झाका, खालचं तोंड तळहाताने बंद करून हवा ओढा. ओढ टिकली नाही तर आधी पॅड बदलून घ्या. स्वस्त नव्या वाद्यांत ते सर्रास गळतात.