कमी पाण्याची हिरवळ: बी कोणतं, पेरायचं कसं?

हिरवळीबद्दलच्या पत्रांत या खेपेला एकच अडचण पुन्हापुन्हा दिसते: पाणी मोजकं आहे आणि पाकिटावर ‘दुष्काळ सोसणारं’ असं छापलेलं बी आणूनही लॉन जळतं. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: ८० चौरस मीटर जागा, दिवसभर ऊन. हरळी, टॉल फेस्क्यू आणि बफेलो ग्रास अशी तिन्ही बियाणी मिळतात. तिन्हींवर दुष्काळ सोसणारं असंच लिहिलंय. कोणतं घ्यावं?

तिन्ही दुष्काळ सोसतात, पण सोसण्याची तऱ्हा वेगळी. हरळी आणि बफेलो ग्रास पाणी तुटलं की वाळल्यासारखी तपकिरी पडतात आणि झोपी जातात. बुडखा व धावत्या फांद्या जिवंत असतात, पाणी मिळालं की पुन्हा फुटतात. टॉल फेस्क्यूला असं झोपणं फारसं जमत नाही. त्याची मुळं ६० ते ९० सेंटिमीटर खोल जातात आणि तिथलं पाणी ओढून ते हिरवं राहतं. ते खालचं पाणीही संपलं, तर मात्र ठोंब कायमचा मरतो. शिवाय ते ठोंबाठोंबाने वाढतं, पसरत नाही. पडलेली जागा आपणच पुन्हा पेरून भरावी लागते. तुमच्याकडे एक फुटाखाली खडक किंवा कठीण थर असेल, तर फेस्क्यूच्या खोल मुळांचा उपयोग शून्य.

आता हवामान. हरळी, बफेलो ही उष्ण हवेची गवतं, फेस्क्यू थंड हवेचं. उन्हाळा लांब आणि कडक असेल, तर तुमच्या जागेला आम्ही हरळीच सुचवू. बफेलो ग्रास उत्तर अमेरिकेच्या कोरड्या गवताळ मैदानांतलं, तिन्हींत सर्वांत कमी पाण्या-खताचं. पण ते सावकाश भरतं आणि सततची पायपीट त्याला सोसत नाही. मुलं खेळणार असतील तर नको. हरळीचा दोष उलटा आहे: काशा (जमिनीखालून पसरणारी तिची खोडं) फुलांच्या वाफ्यात घुसतात. कडेला १५ सेंटिमीटर खोल आडोसा पेरणीआधीच पुरून घ्या, नंतर ते काम चौपट होतं.

प्रश्न: झाडाखाली अर्धा दिवस सावली असते. तिथेही हरळी चालेल?

नाही. तिला किमान ६ तास थेट ऊन लागतं. सावलीत ती लांबुडकी होऊन विरळ पडते आणि झाडाची मुळं वरचं पाणी आधीच पितात. हवा थंड असेल तर फाइन फेस्क्यू (बारीक पात्याचं फेस्क्यू) करून बघा, नाहीतर तेवढी जागा पालापाचोळ्याने झाकून मोकळी सोडलेली बरी.

प्रश्न: पाकिटावर हरळीच्या बियांचं प्रमाण चौरस मीटरला ८ ग्रॅम आणि फेस्क्यूचं ३५ ग्रॅम. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. हरळीचं बी एका ग्रॅममध्ये साधारण ४,००० भरतं, टॉल फेस्क्यूचं साधारण ५००. म्हणून ८० चौरस मीटरला हरळी ६४० ग्रॅम, तर फेस्क्यू २.८ किलो लागेल.

पिशवीवर दोन आकडे शोधा: शुद्धता आणि उगवणशक्ती. त्यांचा गुणाकार म्हणजे खरं कामाचं बी. ९८ टक्के शुद्धता आणि ८५ टक्के उगवण असेल, तर किलोमागे सुमारे ८३० ग्रॅमच जिवंत बी मिळालं. उगवण-चाचणीची तारीख जुनी असेल तर पिशवी परत ठेवा. लेप दिलेल्या बियांत निम्मं वजन नुसत्या लेपाचं असू शकतं, त्याचं प्रमाण वेगळं धरावं लागतं. हरळीत टरफल काढलेलं बी घ्या, ते लवकर उगवतं. आणि टिफवे नावाच्या संकरित हरळीचं ‘बी’ कुणी देऊ केलं तर घेऊच नका: ती वांझ आहे, लागवड काशांचीच होते.

प्रश्न: जमीन कशी तयार करायची?

आधी तण उगवू द्या. जागा सपाट करून पाणी मारा, दोन-तीन आठवड्यांत उगवेल ते मुळासकट काढा, जमत असेल तर हेच एकदा पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण पुढची वर्षभराची खुरपणी वाचते. तण उगवूच न देणारं तणनाशक मात्र वापरू नका, ते गवताचं बीही उगवू देत नाही.

मग वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर, १५ सेंटिमीटर खणा. ओल्या चिकणमातीत कुदळ घातलीत तर ढेकळं विटांसारखी होतात. अडीच सेंटिमीटर थर बसेल इतकं चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा, म्हणजे ८० चौरस मीटरला २ घनमीटर. घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार ठेवा. रोलर फिरवा. चालून बघा: पाऊल सेंटिमीटरभर रुतलं तर ठीक, त्याहून खोल गेलं तर पुन्हा दाबा.

हरळीसाठी माती २० अंश सेल्सियसच्या वर तापलेली हवी, फेस्क्यूला १० ते १८ अंश पुरतात. बियांत चौपट कोरडी वाळू मिसळा, नाहीतर हरळीचं बारीक बी मुठीत चिकटून एकाच जागी पडतं. अर्धं बी जागेच्या लांबीच्या दिशेने चालत, अर्धं रुंदीच्या दिशेने चालत फोका. दंताळ्याच्या पाठीने हलकेच ओढून घ्या. हरळी ३ मिलिमीटर, फेस्क्यू ६ मिलिमीटर खोल, बस्स. पुन्हा हलका रोलर, आणि वर निम्मी माती दिसत राहील इतकाच पेंढा.

प्रश्न: बाराव्या दिवशी हरळी छान उगवली. गवत कमी पाण्याचं म्हणून लगेच चार दिवसांआड पाणी सुरू केलं. चौथ्या आठवड्यात निम्मी रोपं गायब. बी खोटं होतं का?

बी चांगलं होतं, पाणी फार लवकर तोडलंत. दुष्काळ सोसतं ते खोल गेलेलं मूळ. नुकत्या उगवलेल्या रोपाचं मूळ बोटाच्या पेराएवढं असतं आणि वरची तेवढी माती कडक उन्हात एका दुपारीत सुकते. त्या वयात हरळी काय आणि पाणीखाऊ गवत काय, सारखंच.

हिशोब सोपा आहे: १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. उगवेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, बारीक फवाऱ्याने, दर वेळी २ मिलिमीटर. पाण्याचं डबकं दिसलं तर बी वाहून गेलं असं समजा. बहुतेक रोपं वर आली की दिवसातून एकदा ५ मिलिमीटर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवसाआड १० मिलिमीटर. त्यानंतर अंतर हळूहळू वाढवत सहा-आठ आठवड्यांनी आठवड्याला एकदाच २५ मिलिमीटर.

तारखेपेक्षा माती बघा. खुरप्याने पेल्याएवढा गड्डा अलगद उचला आणि पांढरी मुळं कुठवर गेलीत ते पाहा. ओल मुळांच्या टोकांच्याही खाली दोन बोटं पोचलेली असेल तर आज पाणी नको. टोकं कोरड्या मातीत लोंबत असतील तर तुम्हाला उशीर झालाय. उलट पाणी जास्त झालं, विशेषतः संध्याकाळी, तर रोपं बुडाशी मऊ पडून गोलाकार चट्ट्यांत कोलमडतात. म्हणून पाणी सकाळी.

आता रिकाम्या जागा दंताळ्याने खरवडून नांग्या भरून घ्या, म्हणजे तिथे पुन्हा बी पेरा, तेवढ्याच भागाला पहिल्यापासूनचं वेळापत्रक लावा. हरळी थोडी विरळ असेल तर तेही नको, ती आपली आपण भरते.

प्रश्न: पहिली कापणी आणि पहिलं खत कधी?

ठेवायच्या उंचीपेक्षा निम्म्याने वाढू द्या, मग कापा. हरळी सव्वापाचवर आली की साडेतीनला, फेस्क्यू ११ वर आलं की साडेसात सेंटिमीटरला. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कधीच नाही. पातं धारदार हवं, बोथट पात्याने कोवळी रोपं उपटून येतात. बोटांनी हलकं ओढल्यावर रोप सहज सुटलं तर आठवडाभर थांबा. खत पहिल्या कापणीनंतर: चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया, पानं कोरडी असताना, आणि लगेच पाणी. ओल्या पानांवर टाकलंत तर करपल्याचे डाग दिसतील.

प्रश्न: उरलेलं बी पुढच्या हंगामात चालेल?

कोरड्या, थंड जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं तर चालतं. पेरणीआधी १०० बिया ओल्या कागदाच्या घडीत गुंडाळून उबदार जागी ठेवा आणि चौदा दिवसांनी कोंब मोजा. ६० उगवल्या तर बी त्या प्रमाणात वाढवून पेरा. ३० उगवल्या तर नवं आणा, कारण अशा बियांतली जी उगवतात तीही दुबळीच असतात.