टाचेचं हाड वाढलंय, मग रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल कसा?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४४, सोरायसिस (त्वचेचा आजार) बारा वर्षांपासून आहे आणि दोन वर्षांपूर्वी सोरायटिक आर्थ्रायटिसचं, म्हणजे त्याच्याबरोबर येणाऱ्या सांधेदुखीच्या आजाराचं, निदान झालं. सकाळी उठून पाय खाली टेकवला की टाचेतून कळ येते, एक्सरेत हाड वाढलंय म्हणतात पण सीआरपी (रक्तातली सुजेची तपासणी) मात्र नॉर्मल आला. घरचे म्हणतात कॅल्शियमच्या गोळ्यांमुळेच झालं, त्या बंद कर. आजार थांबलाय की चालू आहे? (सांगली)

उत्तर: ताई, कॅल्शियमच्या गोळ्यांनी टाचेला असं हाड येत नाही, त्यामुळे तो दोष मनातून काढून टाका आणि डॉक्टरांना न विचारता काही बंद करू नका. ह्या आजाराची खरी जागा म्हणजे स्नायूची दोरी हाडाला जिथे चिकटते ती जागा, टाचेमागची जाड शीर तुम्हाला हाताला लागते ना, तिथेच. तिथे सूज राहिली की हाडावरच्या आवरणातल्या पेशी नवीन हाड घालायला लागतात आणि गंमत म्हणजे त्याच माणसाच्या बोटात एका बाजूला हाड झिजतं आणि शेजारीच नवीन उगवतं. आमवातात मुख्यतः झीजच दिसते, म्हणून सांध्यालगतचं हे नवीन हाड सोरायटिक आर्थ्रायटिसच्या २००६च्या वर्गीकरणाच्या निकषांमध्येही आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एक्सरेतलं हाड म्हणजे आधी होऊन गेलेल्या सुजेची खूण, आज सूज आहे का हे ते सांगत नाही (आणि तळव्याच्या बाजूचं टोक तर हा आजार नसलेल्या कितीतरी लोकांनाही असतं). सीआरपी नॉर्मल म्हणजे आजार शांत असंही नाही, ह्या आजारात बऱ्याच जणांचा तो सूज असताना पण नॉर्मलच येतो. आम्ही ६८ सांधे दाबून दुखतात का बघतो, ६६ सुजलेत का बघतो, तुमचं दुखणं आणि एकूण त्रास शून्य ते दहामध्ये विचारतो, सीआरपी धरतो आणि बेरीज करतो. ४ पर्यंत आली तर आजार शांत, २८ च्या वर गेली तर जोरात. पण ह्या बेरजेत टाच मोजलीच जात नाही! म्हणून टाचेचं तुम्ही स्वतःहून सांगा आणि तिथली सोनोग्राफी करायची का तेही विचारा, त्यात चालू असलेली सूज दिसू शकते.

तयार झालेलं हाड औषधाने विरघळत नाही, मालिशवाल्याकडून जोरात दाबून तर अजिबात नाही, उलट सूज वाढेल. पण दुखणं बऱ्याचदा हाडाचं नसून सुजेचं असतं आणि सूज औषधाने उतरते, म्हणून हाड तसंच राहूनही चालणं सुधारू शकतं. मेथोट्रेक्झेट (ह्या आजारावरची एक गोळी) चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि बोट सुजून फुगेल त्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढा, अपॉइंटमेंटच्या दिवशी ते नेमकं उतरलेलं असतं.